पाच वर्षं नव्हे, चवथीआधी परत

टोरांटो

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल "पाच वर्षां? मगे घर कोण बघतलो?" म्हणून बाबांनी फोन आईकडे दिला आणि मागीलदारी गेले. म्हणून सविस्तर लिहिते.

सुपर व्हिसावर, म्हणजे कॅनडात राहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठीच्या व्हिसावर, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. राहायलाच हवं असं कुणी म्हणत नाही. व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, तेवढ्यात कितीही वेळा ये-जा करा. आंब्याचं आवरलं, कौलं परतून झाली की जूनमध्ये निघायचं, आणि चवथीला गणपतीवरची माटवी बांधायला बाबा देवगडात हजर. ऐन थंडीत मी तुम्हाला बोलावणारच नाही.

मला पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळालं म्हणूनच हा अर्ज करता येतोय. निमंत्रणपत्र आणि माझ्या पगाराचे कागद मी पाठवते. विमा मात्र दोघांचा वेगवेगळा, प्रत्येकी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि निदान वर्षभराचा लागतो. बाबा, त्या फॉर्मवर बीपीची गोळी लपवायची नाही. इथे एक रात्र हॉस्पिटलात काढली तरी डोळे पांढरे होतील असं बिल येतं. मेडिकलही त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडेच होतं, आपल्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही.

खरी अडचण आईच्या नावाची आहे. माझा जन्म आजोळी झाला, नोंद आचऱ्याच्या ग्रामपंचायतीत, आणि दाखल्यावर आईचं माहेरचं नाव. पासपोर्टावर सासरचं. आम्ही मायलेकी आहोत हे त्या अधिकाऱ्याला कागदावरूनच कळणार ना! मामाला दाखल्याची नवी प्रत काढायला सांगितलंय. तुम्ही लग्नाचा काही कागद सापडतो का बघा, माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. नाहीच मिळाला तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र तहसीलला करून ठेवू, ते अर्जाला जोडता येईल.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल. कणकवलीहून कोकणकन्येचं तिकीट मी काढते. वय एकोणऐंशीच्या वर असतं तर ठशांतून सुटका होती. बाबांना अजून अकरा वर्षं आहेत! रेशनच्या दुकानात त्यांचा अंगठा चारचारदा उठत नाही, इथे तर दहाही बोटं द्यायची. तेव्हा आई, आठवडाभर आधी त्यांच्या हातातला कोयता काढून घे, नारळ गड्याकडून सोलून घ्या आणि रात्री बोटांना खोबरेल चोळ. ट्रंक उघडलीस की फोटो पाठव.

तुमची,
बाबी