गोळ्या लागू पडल्या नाहीत म्हणून

पुणे, रविवार

प्रिय मृणाल,

काल फोनवर तुझ्या शेजारी माणसं होती, म्हणून मोकळेपणानं बोलता आलं नाही. पोटातल्या बाळाचे ठोके थांबले आणि गर्भ पडून जावा म्हणून दिलेल्या गोळ्यांनीही काम पूर्ण झालं नाही, त्याबद्दल आता सविस्तर लिहिते. समीरलाही वाचायला दे.

"माझ्या अंगाला गोळीसुद्धा लागू पडत नाही," असं म्हणालीस, ते मला फार लागलं. अगं, गोळ्या पूर्ण लागू न पडलेल्या बायका आमच्या वॉर्डात नेहमी येतात आणि जवळजवळ प्रत्येकीला वाटतं की आपलंच काही चुकलं. जिना चढले, पपई खाल्ली. यातल्या कशानंही बाळाचे ठोके थांबत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ जातो तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा गुणसूत्रांतच दोष असतो.

आता गोळ्यांचं. तुला मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या दिल्या. मात्रा बरोबर होती. पण तुला आधी रक्तस्राव नव्हता, पोटात कळ नव्हती, सोनोग्राफीतच कळलं. गर्भाशयाचं तोंड घट्ट मिटलेलं असताना गोळीला सगळं काम एकटीनं करावं लागतं. ज्यांचं आधीच सुरू झालेलं असतं, त्यांच्यात ती जास्त चालते. २००५ सालच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अर्धवट पडलेल्या गर्भात ९३ टक्के, ठोके थांबलेल्यांत ८८ टक्के आणि गर्भाची नुसती रिकामी पिशवी असलेल्यांत ८१ टक्के यश आलं होतं. पहिलटकरणींमध्ये या गोळ्या थोड्या अधिक लागू पडल्याचंही दिसलंय. तुला तर ओम आहे.

त्याच अभ्यासात तिसऱ्या दिवसापर्यंत ७१ टक्के बायका मोकळ्या झाल्या होत्या, म्हणजे गर्भ पूर्ण पडून गेला होता. गरज पडली तिथे दुसरी मात्रा दिल्यावर आठव्या दिवशी तो आकडा ८४ झाला. म्हणजे तुझी तिसऱ्या दिवसाची सोनोग्राफी हा काही शेवटचा निकाल नव्हे. आणि गर्भाची पिशवी पडून गेली असेल, तर नुसतं गर्भाशयाचं अस्तर जाड दिसतंय म्हणून लगेच क्युरेटिंग, म्हणजे गर्भाशय साफ करायला धावायचं नसतं. रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलंय ते मला पाठव.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना विचारच. मिसोप्रोस्टॉलच्या एक दिवस आधी मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची गोळी दिली तर फरक पडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती आधी घेतलेल्यांपैकी ८३.८ टक्के एकाच मात्रेत मोकळ्या झाल्या, नुसत्या मिसोप्रोस्टॉलवर ६७.१ टक्के. मात्र गर्भपातासाठीही वापरतात ती ही गोळी आपल्याकडे सहज मिळत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कारवाईनंतर महाराष्ट्रातल्या पुष्कळ मेडिकलवाल्यांनी ती ठेवणंच सोडलं. कायदा मुलींना वाचवायचा, आणि खेटे घालायला लागतात तुझ्यासारखीला. याचा मला मनापासून राग येतो.

दुसऱ्या मात्रेच्या गोळ्या स्ट्रिपमधूनच, घ्यायच्या वेळी फोड. कागदात सुट्या बांधून दिल्या तर घेऊ नकोस. दमट हवेत त्यांचा जोर जातो. कळा आल्या की डॉक्टरांनी दिलेली आयबुप्रोफेन खुशाल घे, तिनं या गोळ्यांचा असर कमी होत नाही. तासाला दोन मोठे पॅड भिजायला लागले आणि दोन तास तसंच चाललं, ताप चढला किंवा घाण वास आला, तर रात्र असो की पहाट, थेट दवाखाना गाठ. तुझा रक्तगट निगेटिव्ह, पण पुढच्या बाळाला त्याचा त्रास होऊ नये म्हणून द्यायचं अँटी-डी इंजेक्शन वेळेत दिलंय म्हणालीस, त्यामुळे तो घोर नाही.

आणि गर्भाशय साफ करायचं ठरलं तरी तो पराभव नाही. लटकून राहण्यापेक्षा एकदाचं मोकळं व्हावं असं तुला वाटत असेल तर तसं स्पष्ट सांग. ठरवायचं तू, सासूबाईंनी नाही.

गुरुवारी मला सुट्टी आहे, सकाळच्या गाडीनं सांगलीला येते. फाईल आणि सगळे रिपोर्ट काढून ठेव, डॉक्टरांकडे बरोबरच जाऊ. ओमला शाळेतून मी आणीन.

तुझीच,
वैशाली