मिस्त्रीभाऊ, ते ओलं बोट तुम्ही आधी बाबांना दाखवलंत

मिस्त्रीभाऊ, नमस्कार.

गाडी घरी येऊन आज अकरा दिवस झाले. तुमच्या शेडवरून निघताना मी "येते भाऊ" एवढंच म्हणाले. घसा दाटून आला होता, म्हणून बाकीचं तसंच राहिलं. ते आता लिहिते.

आमची काँटेसा 1994 ची. संत्र्याचा बहार चांगला लागला त्या साली बाबांनी घेतली आणि मोर्शी-वरूडच्या रस्त्यांवर तीस वर्षं स्वतःच चालवली. 2002 मध्ये पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला या गाडीचं उत्पादन थांबलं. तेव्हापासून कोणत्याही गॅरेजात गेलं की "आता ही ठेवून काय करता?" हे ऐकावं लागतं. बाबांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात सालबर्डीहून येताना उतारावर गुरं आडवी आली आणि ब्रेक लागला नाही. गाडी धुऱ्यावरच्या बाभळीला टेकून थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून घरात बाबांच्या वयाची गोष्ट सुरू झाली.

तीन गॅरेज झाली. एकाने चारही चाकांचं काम केलं, एकाने मागचे ब्रेक शू बदलले, बिलं घेतली. बाबा प्रत्येकाला एकच सांगत होते : "पायडल कधी दगडासारखं लागते, कधी लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जाते." एकाच माणसाच्या दोन उलट तक्रारी, म्हणून कोणी पुढचं ऐकलंच नाही. ब्रेक ऑइल कमी होत होतं, पण चाकापाशी थेंब नाही, अंगणात डाग नाही. शेवटचा तर बाबांच्या समोर मला म्हणाला, "ताई, गाडीत काही नाही. काकांचा पाय आता जोर देत नाही."

आणि मी ते खरं मानलं, भाऊ. गाडीची किल्ली माझ्या कपाटात ठेवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस त्यानंतर रोज सकाळी गाडी पुसायचा आणि परत ताडपत्री घालायचा. माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही ट्रॅक्टरखाली होता. मी सांगायला सुरुवात केली, तर तुम्ही हात पुसत बाबांकडे वळलात. "काकाजी, तुमी सांगा. गाडी तुमी चालवता." बाबांनी दगड आणि लोणी दोन्ही सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. "दोन्ही खरं असू शकते," म्हणालात आणि विचारलंत, सायलेन्सरातून पांढरा धूर निघते का? "निघते. सकाळी जास्त." हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता.

तुम्ही दोन नट काढून ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलेंडर पुढे ओढला आणि त्याच्या मागच्या, पायाचा जोर वाढवणाऱ्या बुस्टरच्या तोंडात बोट घातलंत. बोट ओलं निघालं. मी शेजारीच उभी होते, पैसे मीच देणार होते. तरी तुम्ही मला ओलांडून खाटेवर बसलेल्या बाबांपर्यंत गेलात, ते बोट त्यांच्या डोळ्यांसमोर धरलंत आणि म्हणालात, "काकाजी, तुमचा पाय बराबर होता."

बाबांनी ते बोट दोन्ही हातांत धरलं. अजून लिहिताना माझे डोळे भरतात.

बिघाड मला मग समजला. मास्टर सिलेंडरचा मागचा सील गेला होता. तिथून ऑइल बुस्टरमध्ये आणि बुस्टरच्या नळीने इंजिनात ओढलं जात होतं, म्हणून धूर. ऑइलने बुस्टरचा पडदा खराब झाला, म्हणून दगड. डबीतलं ऑइल उतरलं की लाइनमध्ये एअर, म्हणून लोणी. बाबांचा शब्द न् शब्द खरा होता.

बुस्टर नागपूरहून दुरुस्त होऊन आल्यावर एअर काढायला तुमचा पोट्टा सीटवर बसत होता. तुम्ही त्याला उठवलंत. "काकाजी, पाय तुमचाच पायजे." मग मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. "दाबा... धरा... सोडू नोका." बाटलीतल्या नळीतून आधी चहाच्या रंगाचं ऑइल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. चार चाकं होईस्तोवर बाबा घामाने भिजले होते, पण पाय थकला म्हणाले नाहीत.

शेवटी इंजिन बंद ठेवून तुम्ही त्यांना पाच-सहा वेळा ब्रेक मारायला लावला, पाय तसाच दाबून ठेवा म्हणालात आणि चावी फिरवलीत. इंजिन लागताच पॅडल पायाखाली थोडंसं बसलं, म्हणजे बुस्टर जोर देऊ लागला. मला ते बाबांच्या चेहऱ्यावर दिसलं. "धरलं," एवढंच म्हणाले.

गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ असतील. पण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरून लेकराशी बोलायची सवय सगळ्यांनाच लागली आहे, दवाखान्यात, बँकेत, बाजार समितीत. मलाही लागली होती. तुमच्या टिनाच्या शेडमध्ये ते झालं नाही, आणि तुम्हाला ते वेगळं वाटलंही नाही, याचं मला फार मोल आहे.

किल्ली मी बाबांना परत दिली. परवा रविवारी आम्ही सालबर्डीला जाऊन आलो. तेच चालवत होते. त्या बाभळीपाशी त्यांनी गाडी हळू केली, माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी महिन्यांनी म्हणाले, "बेटा, काच खाली कर, हवा चांगली हाय."

आंबिया बहाराच्या संत्र्यांचा पहिला क्रेट तुमच्या शेडवर येईल. बाबा स्वतः घेऊन येतील.

तुमची,
काँटेसावाल्या काकाजींची मुलगी