हात लावा, काही बिघडत नाही

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा निघायच्या गडबडीत मी फोनवरचं आणि संगणकावरचं सगळं फार भराभर दाखवलं. आईच्या हातातून फोन घ्यायचा, चार ठिकाणी बोट फिरवायचं आणि ‘झालं बघ’ म्हणून परत द्यायचा, ही माझी जुनी सवय. त्यात काम होतं, पण आईच्या हाती काही लागत नाही. याचं मला नंतर वाईट वाटलं, म्हणून हे पत्र लिहितेय. मोठ्या अक्षरात छापलंय, संगणकाशेजारी ठेवा.

बाबा, आधी तुमचा प्रश्न. चालत्या संगणकातलं विंडोज मी का बदललं, आणि फुकटच्या गोष्टीवर भरवसा का ठेवायचा? विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला लागतो तसा प्रोसेसर आपल्या मशीनमध्ये नाही. धडधाकट यंत्र केवळ एवढ्यासाठी अडगळीत टाकणं मला पटेना. म्हणून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी फुकटची प्रणाली. पण ते मी आंधळेपणाने घातलं नाही. आधी दोन दिवस पेनड्राइव्हवरूनच चालवलं, वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर नीट चालतात हे पाहिलं, तुमच्या सगळ्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवल्या आणि मगच आत बसवलं.

आता फुकटचं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहायला घेतला तेव्हा तो हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकत होता. आज जगभरचे लोक आणि मोठमोठ्या कंपन्या तो मिळून सांभाळतात, आणि त्यातली ओळ न् ओळ कोणालाही वाचता येते. मिंटचं काम देणग्या आणि प्रायोजकांवर चालतं. आणि बाबा, आईच्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा याच कर्नलवर चालतो. तेव्हा ज्याला तुम्ही परकं समजताय, ते कधीचंच घरात आलंय.

आई, फोन कमी किमतीतला आहे, त्यामुळे कधीकधी तो एखादा क्षण विचार करत बसतो. तेव्हा पुन्हा पुन्हा दाबू नकोस. दुसऱ्यांदा दाबलेलं पुढच्याच पानावर कुठेतरी लागतं आणि मग ‘हे काय उघडलं’ होतं. एकदा दाब, तीनपर्यंत मोज. काही भलतंच उघडलं तर मागे ये. नुसतं उघडल्याने किंवा मागे आल्याने काहीही पुसलं जात नाही. पुसण्याआधी फोन बहुतेक वेळा विचारतो, तेव्हा मात्र थांबून वाच.

अक्षर मोठं केलंय, आणखी मोठं हवं असेल तर सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले’ या शब्दाखाली सापडेल. फोनबरोबर आलेली नको ती अ‍ॅप बंद केली आहेत. ‘फोन साफ करा’, ‘वेग वाढवा’ अशी जाहिरात दिसली तर तिला हात लावू नकोस, त्यांची खरंच गरज नसते. फोन मंदावतो तो बहुधा जागा भरत आल्यामुळे. यात ६४ जीबी जागा आहे आणि तिचा चांगला मोठा भाग फोनच्या स्वतःच्या कामात जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ आपोआप उतरू नयेत असं करून ठेवलंय, हवा असेल तोच दाबून उतरव.

फोटो संगणकावर घ्यायचे तेव्हा चार्जिंगची वायर फोनला आणि संगणकाला लावा. पहिल्यांदा काहीच घडत नाही आणि माणसाला वाटतं वायर खराब आहे. तसं नसतं. फोन सुरुवातीला फक्त चार्जिंग करतो. स्क्रीन उघडून वरून खाली बोट ओढलं की यूएसबीची एक सूचना दिसेल, तिच्यावर दाबून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. मग संगणकावर फोनचं नाव येतं. आत ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर, त्यात ‘कॅमेरा’. तिथून कॉपी करायचं, कट नाही. संगणकावरचे दोन-तीन फोटो उघडून बघायचे आणि खात्री पटली की मगच फोनमधले पुसायचे. हा क्रम काही झालं तरी मोडू नका.

बाबा, संगणकावर नवं काही हवं असेल तर वेबसाइटवरून उतरवू नका. ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडा. फोनमधल्या प्ले स्टोअरसारखंच ते आहे. खाली उजव्या कोपऱ्यातलं ढालीचं चिन्ह अपडेट आल्याचं सांगतं, तिथे पासवर्ड देऊन अपडेट करत जा. त्यात काही बिनसलंच, तर ‘टाइमशिफ्ट’ मशीनला आधीच्या दिवसावर नेऊन ठेवतो, ते मी लावून दिलंय. पण एक लक्षात असू द्या: तो फक्त सिस्टीम सांभाळतो, तुमचे फोटो आणि कागद नाही. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा बाहेरची हार्डडिस्क जोडून कॉपी करायचीच.

मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी ठेवलीय. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. ‘क’ च्या कळीवर शिफ्ट धरली की ‘ख’, ‘ग’ च्या कळीवर ‘घ’. तुमच्या टाइपरायटरपेक्षा मांडणी वेगळी आहे, पहिले आठ-दहा दिवस बोटं चुकतील. मला हीच पद्धत आवडते, कारण हिच्यात वर्णमालेचा क्रम आहे. आई, तू फोनवर माइकचं चिन्ह दाबून सरळ बोल, तो मराठी बऱ्यापैकी लिहून घेतो.

पासवर्ड वहीत लिहून ठेवा. लिहू नये असं लोक सांगतात, पण कपाटातली वही मला सगळीकडे एकच सोपा पासवर्ड वापरण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित वाटते.

आणि कोणी फोन करून ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’, ‘हे अ‍ॅप टाका, मी स्क्रीन बघून दुरुस्त करतो’ असं म्हणालं, तर बोलणं पूर्ण होऊ न देता फोन ठेवा. असे खरे फोन कधी येत नाहीत. ओटीपी मलासुद्धा सांगू नका. यात उद्धट वाटण्याची भीती बाळगू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता काम सांगते. कपाटातले जुने अल्बम काढा. खिडकीपाशी, फ्लॅश बंद ठेवून, वरचा प्लॅस्टिकचा कागद बाजूला करून आईने एकेका फोटोचा फोटो काढायचा. मग वायरने संगणकावर. तिथे बाबांनी प्रत्येकाला नाव द्यायचं, आधी साल, मग माणसं, देवनागरीतच. साल आधी असलं की फोटो आपोआप ओळीने लागतात.

निळ्या अल्बमपासून सुरू करा. त्यात झोपाळ्यावर बसलेल्या दोन मुली आहेत. एक आत्या असावी, दुसरी कोण ते मी कधी विचारलंच नाही. तो फोटो आधी पाठवा, नावासकट.

तुमची लेक