ओपीडीतल्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

थिसिस जमा झाला. आभाराच्या पानावर विभागप्रमुख, गाइड, आकडेमोड करून देणारे सर असे सगळे रीतसर बसल्यावर तुमच्या वाट्याला एकच ओळ उरली. ती मला पुरेना, म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहितेय, कारण डोळ्यांच्या दवाखान्यात निरोगी माणूस शोधून आणणं ही काय चीज आहे, ते बाहेर कुणाला ठाऊक नसतं.

माझा विषय निरोगी डोळ्यांतल्या कोरॉइडची जाडी. डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला जो थर असतो, तो कोरॉइड. डोळ्याला मिळणारं बहुतेक रक्त याच थरातून फिरतं. ज्या मध्यबिंदूने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तिथे पडद्याला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात; तो सगळा या थराच्या जिवावर. एवढं असून जिवंत माणसात तो नीट मोजता यायला लागला ते अगदी अलीकडे. मेल्यानंतर काढलेल्या डोळ्यात रक्ताचा दाबच नसल्याने हा थर बसून जातो, त्यावरून जिवंतपणीची जाडी कळत नाही. ओसीटी, म्हणजे प्रकाशाने डोळ्यातले थर दाखवणारा स्कॅन, १९९१ मध्ये आली, पण तिचा प्रकाश पडद्यामागच्या रंगद्रव्यात विखुरतो आणि खोलवर सिग्नल क्षीण होत जातो. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड स्पेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जी युक्ती काढली, ती ऐकून तुम्ही हसला होतात: यंत्र डोळ्याच्या आणखी जवळ सरकवायचं. चित्र उलटं पडतं, पण यंत्राला जिथे सर्वांत स्वच्छ दिसतं त्या बाजूला कोरॉइड येतं. मग एकाच जागेचे पुष्कळ स्कॅन घेऊन त्यांची सरासरी काढायची.

पुढच्याच वर्षी निरोगी डोळ्यांचे आकडे छापून आले. मध्यबिंदूखाली सरासरी २८७ मायक्रोमीटर, म्हणजे पाव मिलिमीटरहून जरा जास्त. नाकाच्या बाजूला तीन मिलिमीटर सरकलं की त्याच्या निम्मं. आणि वयाच्या दर दहा वर्षांमागे सुमारे १६ मायक्रोमीटरची घट. माणसं किती? ३०, डोळे ५४. वाचताना वाटलं होतं, एवढीच? आपल्या ओपीडीत निरोगी माणसं शोधायला बसले तेव्हा ते ‘एवढीच’ मुकाट्याने मागे घेतलं.

कारण दुखत नाही, खुपत नाही, तो माणूस यंत्रावर हनुवटी टेकवायला का येईल? तरुण मुलं कॉलेजातून मिळाली. अडलं ते साठीच्या पुढे. त्या वयात कुणाला मोतीबिंदू, कुणाला शुगर, कुणाला बीपी. तिथे तुम्ही कामाला लागलात. नातवाला चष्म्यासाठी घेऊन आलेल्या आज्या, शेजाऱ्याच्या ऑपरेशनला सोबत म्हणून एसटीने आलेले आजोबा, असे लोक तुम्ही बाकावरून बरोबर हेरायचात. “शुगर हाय का? गोळी कसली चालू हाय? चष्म्याचा नंबर लई मोठा न्हाई ना?” माझ्या प्रोफॉर्माची दोन पानं तुम्ही या तीन प्रश्नांत उरकलीत. नंबराचा प्रश्न तर मोलाचा, कारण मोठा मायनस नंबर असला की डोळा लांबट असतो आणि कोरॉइड पातळ. असा डोळा चुकून यादीत शिरला तर सगळी सरासरी खाली.

लोकांची खरी भीती बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांची असते हेही तुम्हीच ओळखलंत. थेंब टाकले की काही तास अंधूक दिसणार, मग परत गावी जायचं कसं? मी संमतीपत्रातलं इन्फ्रारेड प्रकाशाचं कलम समजावत बसायचे, आणि तुम्ही मागून म्हणायचात, “थेंब न्हाईत, सुई न्हाई, एक्सरे न्हाई, डोळ्याला हात बी लावत न्हाईत.” सही व्हायची.

आणि चहा. कोरॉइडची जाडी दिवसभरात कमीजास्त होते, म्हणून सगळे स्कॅन सकाळच्या ठरावीक वेळातच घ्यायचे होते. कॅफिननेही हा थर काही तास पातळ होतो, म्हणून आधी चहा-कॉफी बंद. सकाळी लांबून आलेल्या माणसाला चहा नको म्हणणं आपल्याकडे कुणाला जमतं? तुम्ही कँटीनच्या पोऱ्यालाच दम देऊन ठेवलात. त्याची किटली स्कॅन रूमच्या अलीकडूनच वळायला लागली.

त्या नऊवारीतल्या आजी आठवतात? कपाळ पट्टीला टेकेना, पापणी उघडी ठेवता ठेवता डोळा कोरडा पडायचा आणि स्क्रीनवरचं चित्र करपल्यासारखं दिसायचं. तुम्ही मागून डोकं अलगद धरलंत. “आजी, दोनदा उघडझाप करा, आता निळ्या ठिपक्याकडं बघा, श्वास घ्या की, धरू नका.” पुढच्या स्कॅनमध्ये पांढऱ्या थराची कड, जिथे कोरॉइड संपतं ती, इतकी स्वच्छ आली की आम्ही मोजणाऱ्या दोघी डॉक्टरांनी वेगवेगळं मोजूनही आकडे जुळले. तरण्या, जाड कोरॉइडच्या डोळ्यांत हीच कड धूसर होते आणि आम्ही भांडत बसतो.

हे सगळं कशासाठी, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत आणि तेव्हा मी घाईत होते. चाळिशीचा एखादा माणूस येतो, नजरेच्या मधोमध करडा डाग दिसतो म्हणतो. पडद्याखाली पाणी साचलेलं असतं आणि कोरॉइड बहुधा फुगलेलं. पण फुगलेलं कशाच्या तुलनेत? पंचविशीच्या पोराचं कोरॉइड चारशे मायक्रोमीटर भरलं तर मी फारशी दचकणार नाही, सत्तरीच्या बाईंचं तेवढं भरलं तर पुन्हा तपासेन. हा फरक आपल्याच भागातल्या लोकांच्या डोळ्यांवरून सांगायला जी माणसं लागली, ती तुमच्या बाकावरची.

तुम्हाला स्वतःला मात्र यादीत घेता आलं नाही, शुगर आहे म्हणून. तुम्ही त्यावर रुसलाही होतात. पण शुगर असली की वर्षातून एकदा पडदा बघायचाच असतो, आणि तुमचा राहिलाय. सोमवारी ड्यूटी संपली की या. थेंब टाकणार आहे, तेव्हा घरी न्यायला मुलाला बोलावून ठेवा.

तुमची,
रेटिना ओपीडीतली ज्युनिअर डॉक्टर