चुन्याआधी माती तपासा

मा. संपादक,
स. न.

कालच्या शेती पानावरचा झिंगापालनाचा लेख वाचला. बीज (झिंग्याची पिल्ले) कुठले, खाद्य किती, अनुदान किती, सगळे आले. तळाच्या मातीबद्दल एवढेच, की तळे भरण्यापूर्वी चुना टाकावा. कोणत्या मातीत, कोणता चुना, काही नाही. याच सल्ल्यावर माझा एक अख्खा हंगाम बुडाला आहे, म्हणून रागाने लिहितो आहे.

माझे शेततळे उमरेडकडच्या काळ्या मातीत. मातीचा सामू (पीएच, चुन्याने तो वाढतो) आधीच ८ च्या वर, खोदताना चुनखडीचे खडे निघाले होते. तरी बीज देणाऱ्याच्या सांगण्यावरून विरलेला चुना टाकला आणि पाणी हिरवे झाले तेव्हा पुन्हा टाकला. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी पाण्याचा सामू ९ च्या पुढे गेला. झिंगा रोहू-कटल्यासारखा पाण्यात फिरत नाही. तो तळाशीच राहतो, खातो, कात टाकतो. उरलेले खाद्य तिथेच कुजते, त्यातून अमोनिया सुटतो. सामू ७ असेल तर ३० अंश तापमानाला त्यातला शंभरात जेमतेम एक भाग विषारी असतो, ९ झाला की निम्म्याच्या जवळपास. तिसऱ्या दिवशी सकाळी काठाला मेलेल्या झिंग्यांची रांग लागली होती. बायको काठावरच बसून राहिली.

रामटेककडच्या धानपट्ट्यात माती आंबट, म्हणजे कमी सामूची, असेल तिथे चुना हवाच. नाही तर लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात आणि खत घालूनही पाण्यात झिंग्याचे नैसर्गिक खाद्य तयार होत नाही. म्हणजे एकाला तारणारा चुना दुसऱ्याला मारतो. मी माती तपासून घेतली होती. अहवालात सामू होता, सेंद्रिय कर्बही होता, पण खाली शिफारस गहू-हरभऱ्याच्या खताची! तळ्यासाठी त्या आकड्यांचा अर्थ काय, हे कोणी सांगितले नाही.

मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपुरातच अमरावती रोडवर आहे, मत्स्य महाविद्यालय तेलंखेडीला. तुमच्या वार्ताहराने तिथे विचारून मग लिहायला हवे होते.

आणि फोटो खाऱ्या पाण्यातल्या व्हॅनामी जातीच्या कोळंबीचा का? आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याच्या निळ्या लांब नांग्या कोणीही ओळखेल.

पावसाळा लागला की तळी भरतील, बीज पडेल. त्याआधी लोक चुन्याची पोती आणतील. कृपया या आठवड्यातच दुरुस्ती छापा.

आपला,
एक शेतकरी, ता. उमरेड, जि. नागपूर