काकूंच्या नावाची संस्था

प्रिय शालन,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा आराखडाही नीट वाचला. काकूंच्या नावाने बाजूला ठेवलेल्या पैशांतून स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी काहीतरी उभं करायचं तू मनावर घेतलंस, याचं मला नवल वाटलं नाही. शेवटची वर्षं तू त्यांच्यापाशी कशी काढलीस ते मी पाहिलंय. पण 'गुळमुळीत लिहू नकोस' अशी तुझीच ताकीद आहे, म्हणून सरळ लिहिते. दिवसभराच्या केंद्राची इमारत छान आहे. विश्वस्तांची यादी मला अजिबात पटली नाही.

एक निवृत्त डॉक्टर, एक वकील, एक बांधकाम व्यावसायिक, तुझा भाऊ आणि तू. यातल्या चौघांनी मध्यरात्री उठून दाराच्या कड्या तपासल्या नसतील. तू तपासल्या आहेस, पण तूही आता त्यातून बाहेर पडलीस. जिचा नवरा आज रात्री स्वतःच्याच घरात 'मला घरी जायचंय' म्हणत पिशवी भरत बसलाय, ती बाई या यादीत नाही. आणि ज्याला नुकतंच निदान कळलंय, ज्याला अजून बोलता येतं, मत देता येतं, तो माणूस तर कुणाच्या डोक्यातही आलेला दिसत नाही.

तुझे भाऊसाहेब काय म्हणतील ते मला इथे बसून ऐकू येतंय. 'आजारी माणूस काय कारभार बघणार?' त्यांना ऑस्ट्रेलियातल्या ख्रिस्टीन ब्रायडेन यांच्याबद्दल सांग. १९९५ साली, वयाच्या ४६व्या वर्षी त्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. २००३ मध्ये त्या अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या स्मृतिभ्रंशासाठीच्या जागतिक संघटनेच्या संचालक मंडळावर निवडून गेल्या. ही संस्था १९८४ची. म्हणजे ज्यांच्यासाठी ती काढली, त्यांच्यातलं पहिलं माणूस मंडळावर यायला १९ वर्षं गेली. पुढे २०१४ मध्ये डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल निघाली, तिथे तर निदान झालेल्यालाच सभासद होता येतं. मुलगा, सून, डॉक्टर, कुणीही नाही. मला आधी हा नियम फार कडक वाटला होता. मग आमच्या, म्हणजे हा आजार असलेल्यांच्या आणि त्यांना सांभाळणाऱ्यांच्या, गटातले एक शुभार्थी म्हणाले, 'बायको खोलीत असली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलतो,' आणि नियमाचं कारण समजलं.

(शुभार्थी म्हणजे आजार असलेला माणूस आणि शुभंकर म्हणजे त्याला सांभाळणारा. आमच्याकडे हेच शब्द चालतात. 'रुग्ण' आणि 'केअरटेकर' म्हटलं की कुणीतरी लगेच टोकतं.)

ही अडचण मी तुझ्यापासून लपवणार नाही. या आजारात आवाज हळूहळू जातो. आज बैठकीत मुद्देसूद बोलणारा माणूस दोन वर्षांनी कदाचित बैठकीला येऊ शकणार नाही. म्हणून जागा एका व्यक्तीची न ठेवता शुभार्थींची म्हणून ठेवावी, मुदत लहान असावी, आणि दोघे असावेत, एकटा पडू नये म्हणून. शिवाय शुभंकराचं हित आणि शुभार्थीचं हित नेहमी एक नसतं. एकाला झोप हवी असते, दुसऱ्याला बाहेर फिरायचं असतं. दाराला बाहेरून कुलूप लावावं का, यावर आमच्याकडे एकदा एवढं वाजलं की दोन कुटुंबं कित्येक महिने फिरकली नाहीत. निकाल काही लागला नाही. पण कुलपाच्या आत राहणाऱ्याचं म्हणणं त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं, आणि डॉक्टर-वकिलांच्या मंडळात हा विषय निघालाच नसता.

अपंगांच्या चळवळीने हे कधीच ओळखलं होतं. पोलिओमुळे लोखंडी फुप्फुसाच्या, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्राच्या, आधाराने जगणारे एड रॉबर्ट्स आणि त्यांचे सोबती यांनी १९७२ मध्ये बर्कले इथे स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं. त्या धर्तीच्या केंद्रांच्या मंडळात बहुमत अपंगांचंच हवं, ही अट पुढे अमेरिकेच्या कायद्यात आली. सल्लागार म्हणून कोपऱ्यात एक खुर्ची देऊन भागत नाही, बहुमत लागतं.

दुसरा मुद्दा तू भावाच्या तोंडून लिहिलायस: एका आजारासाठी कशाला, सगळ्याच ज्येष्ठांसाठी करू, जास्त लोकांना फायदा होईल. ऐकायला उदार वाटतं. पण ज्येष्ठांच्या सर्वसाधारण मंडळात 'माझा नवरा मला चोर म्हणतो' हे कोण बोलेल? तिथे गुडघे, सहली, नातवंडं चालतात. आमच्या गटात एका बाईने हेच वाक्य उच्चारलं तेव्हा समोरच्या चौघी एकदम म्हणाल्या, 'पैसे की दागिने?' आणि ती बाई हसली. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या नवऱ्याने चोरीचा आळ घेतला, हे ती घरात कुणालाच सांगू शकली नव्हती. छोट्या, नेमक्या गटाची ताकद ही आहे. समोरच्याला पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.

लंडनच्या चॅड वारा नावाच्या पाद्र्याची गोष्ट तुला आवडेल. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी त्यांनी १९५३ मध्ये फोन सुरू केला. लोक भेटायलाही येऊ लागले, बाहेर रांग लागली, म्हणून काही स्वयंसेवक नुसतं त्यांच्याजवळ बसायला, चहा द्यायला पुढे आले. थोड्याच दिवसांत वारांच्या लक्षात आलं की बाहेर बसून बोललेल्या बऱ्याच जणांना आत यायची गरजच उरत नाही. १९५४च्या फेब्रुवारीत त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. ती संस्था, समॅरिटन्स, आजही चालू आहे. संस्थापकाने एवढ्या लवकर बाजूला होणं किती अवघड असतं, हे तुला पुढे कळेलच.

तू विचारलंस, नुसत्या बोलण्याने होतं काय? मला ठाऊक आहे, तुझा स्वभाव आकडे मागणारा. तर घे. न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटलमन यांच्या गटाने अल्झायमर झालेल्यांच्या ४०६ जोडीदारांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. निम्म्यांना समुपदेशनाच्या सहा बैठकी, त्यातल्या चार कुटुंबासह, मग आधारगट आणि लागेल तेव्हा फोनवर सल्ला. उरलेल्यांना नेहमीची मदत. २००६ मध्ये निष्कर्ष आले: पहिल्या गटातल्या शुभार्थींना शुश्रूषागृहात ठेवायची वेळ सरासरी ५५७ दिवस उशिरा आली. दीड वर्ष, शालन. आजार तोच होता, फक्त सांभाळणारी माणसं मोडून पडायची थांबली. यातल्या 'कुटुंबासह' या भागाकडे लक्ष दे. आपल्याकडे एकीवर सगळं टाकून बाकीचे फोनवरून सूचना देतात. त्यांना एकदा समोर बसवलं, तर निम्मी लढाई तिथेच संपते.

आणि हे काम करायला मोठ्या पदव्या लागतात असंही नाही. गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरोघरी जाणारे सल्लागार स्थानिकच होते, प्रशिक्षण घेतलेले, मागे तज्ज्ञांचा आधार असलेले. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. झिम्बाब्वेमध्ये मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या एका वस्तीत १४ आज्यांना घेऊन दवाखान्याच्या आवारात बाक मांडले, त्यावर बसून लोकांचं ऐकून घ्यायला. सुरुवातीला त्या बाकाला 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हणत, आणि बसायला कुणी येईना. नाव बदला, 'मैत्रीचा बाक' म्हणा, हे आज्यांनी सुचवलं. २०१६ मध्ये ५७३ जणांच्या चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं बाकावर येणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांत उरली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५० टक्क्यांत. नाव कुणी सुचवलं ते भावाला मुद्दाम वाचून दाखव.

आता तुझी इमारत. दिवसभराचं केंद्र ही गरज खरीच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती पहिली गरज नाही. ज्या बाईला घराबाहेर अर्धा तास पडता येत नाही, ती नवऱ्याला तयार करून, रिक्षात बसवून, वाटेतला त्याचा आरडाओरडा सोसून तुझ्या केंद्रात पोचणार कशी? तिला घरी येऊन दोन तास बसणारं माणूस हवं आहे. ते ओळखीचं हवं, प्रत्येक वेळी तेच हवं, आणि संडासाला न्यायची वेळ आली तर नाक न मुरडणारं हवं. अशा पाच माणसांना शिकवून, त्यांना रीतसर पगार देऊन सुरुवात कर. पगारावर मी अडून बसेन. इतरांच्या दमण्यावर उपाय म्हणून निघालेल्या संस्थेने आपल्याच माणसांना सेवाभावाच्या नावाखाली राबवून घ्यावं, हे फार ठिकाणी चालतं आणि मला त्याची चीड आहे.

गटाच्या बैठका कुठेही होतील. फक्त जिना नसावा, स्वच्छतागृह जवळ असावं, आणि शुभार्थींना शेजारच्या खोलीत रमवणारं कुणीतरी असावं, नाहीतर शुभंकर येणारच नाहीत. हॉलंडमध्ये बेरे मीसन या मानसतज्ज्ञाने १९९७ मध्ये लायडनला अल्झायमर कॅफे सुरू केला, त्यात तर दोघं एकत्रच बसतात, आजाराचं नाव घेऊन, उघडपणे. आमच्याकडे आम्ही आलटून पालटून करतो: कधी एकत्र, कधी वेगळे. पुरुष मात्र कमी येतात. बायकोला सांभाळणारे पुरुष आहेत, भरपूर आहेत, पण 'बोलायला या' म्हटलं की येत नाहीत. 'अमुक कागद भरायला मदत हवी' म्हटलं की येतात, आणि कागद भरता भरता बोलतात.

पैशाचं सांगते. दारू सोडणाऱ्यांची ती जगभरची संघटना, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद यांच्या भेटीतून उभी राहिली. बाहेरून देणगी घ्यायचीच नाही, खर्च सभासदांनीच भागवायचा, हा तिचा दंडक. तुला एवढं ताणायची गरज नाही, पगार द्यायचे तर देणगी लागेलच. पण स्मरणशक्तीची औषधं, पावडरी विकणाऱ्यांचा पैसा पहिल्या दिवसापासून नाकार. ते बैठकीला फलक लावतील, मग माहितीपत्रक ठेवतील, मग सभासदांचे फोन नंबर मागतील. घाबरलेलं कुटुंब हे त्यांच्या दृष्टीने तयार गिऱ्हाईक. केरळचा मार्ग मला जास्त पटतो. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाची संस्था काढली, आणि पुढे २००१च्या सुमारास मलप्पुरम भागात शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. सामान्य माणसं प्रशिक्षण घेऊन घरोघरी जायची, आणि पैसा मुख्यतः तिथल्याच लोकांच्या छोट्या छोट्या वर्गणीतून यायचा. मोठा देणगीदार एक दिवस रुसतो. हजार छोटे देणगीदार एकदम रुसत नाहीत.

केरळचा पुढचा भागही महत्त्वाचा आहे. २००८ मध्ये तिथल्या सरकारने या सेवेचं धोरणच केलं. आपण चांगलं काम केलं की सरकार निवांत होतं, 'संस्था आहे ना' म्हणून हात झटकतं. म्हणून काम करता करता मागतही राहिलं पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत १९९८ मध्ये एचआयव्ही असलेल्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन काढली. औषध म्हणजे काय हे त्यांनी लोकांना शिकवलं, मोर्चे काढले आणि सरकारला कोर्टात खेचलं. २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की आईकडून बाळाला होणारी लागण टाळणारं औषध सरकारी दवाखान्यांत उपलब्ध करावं लागेल. तुझ्या संस्थेने मोर्चा काढावा असं नाही. पण सरकारी रुग्णालयात स्मृतिभ्रंशाची तपासणी कुठल्या दिवशी असते, प्रमाणपत्र कोण देतं, किती हेलपाटे पडतात, याची नोंद ठेवून ती वरिष्ठांपुढे ठेवणं कुणालाही जमतं. वकील विश्वस्ताला हे काम दे, त्याचा खरा उपयोग तिथे आहे.

एक गोष्ट आराखड्यात कुठेच नाही: शुभार्थी गेल्यावर शुभंकराचं काय? कित्येक वर्षं ज्याचं सगळं जगणं एका माणसाभोवती फिरलं, तो एका सकाळी मोकळा होतो आणि त्याला काय करावं कळत नाही. सुटकेची भावना आली म्हणून स्वतःचीच लाज वाटते. अशांना आम्ही गटातून जाऊ देत नाही. काही महिने नुसतं बसू देतो, मग नव्या कुटुंबांचे फोन घ्यायला लावतो. आमच्याकडचे सगळ्यांत भरवशाचे कार्यकर्ते याच वाटेने आलेत. तूही त्यांच्यातलीच आहेस, म्हणून हे तुला वेगळं समजवायला नको.

तेव्हा माझं म्हणणं असं: नोंदणी आणखी काही महिने पुढे ढकल. आधी गट जमव, माणसं हेर, आणि विश्वस्त त्यातूनच घे. पाचांत तीन जागा तरी शुभार्थी-शुभंकरांच्या. डॉक्टरांना सल्लागार कर, ते रागावणार नाहीत, आणि रागावले तर तेही आत्ताच कळलेलं बरं. इमारतीचा पैसा बँकेत पडून राहू दे, तो कुठे पळून जात नाही.

पहिल्या बैठकीची तारीख कळव, मी येते. मला व्यासपीठावर बसवू नकोस, शेजारच्या खोलीत शुभार्थींजवळ बसायचं काम दे. आणि उद्घाटनाला पाहुणा बोलावणार असशील, तर त्याला पाच मिनिटांच्या वर बोलू द्यायचं नाही, हे त्याला आधीच लेखी कळव.

तुझी,
मंदा