शांतिसेनेतल्या जुन्या जोडीदारांना शोधून देणाऱ्या सगळ्यांचे आभार

बाबा १९८७ ला ८ महारमधून, म्हणजे महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतून, भारतानं पाठवलेल्या शांतिसेनेत श्रीलंकेला गेले, जाफना साइडला, आणि पेन्शनीवर आल्यावर त्यांच्या सेक्शनमधली माणसं कुठं कुठं पांगली काही पत्ताच नव्हता. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या ताईंनी जेवणाची सुट्टी सोडून जुनी रजिस्टरं चाळली, आणि स्टँडवरच्या एका काकांनी नुसतं आडनाव अन् उजव्या हाताची दोन बोटं नाहीत एवढ्यावरून माणूस ओळखला. कुणीच नाव सांगितलं नाही, चहासुद्धा घेतला नाही.

कोलंबोशेजारी, श्रीलंकेच्या पार्लमेंटजवळ शांतिसेनेचं स्मारक आहे, तिथं एका अनोळखी दादांनी फुलं वाहून, बाबांच्या मित्राच्या कोरलेल्या नावावर बोट ठेवून व्हिडिओ पाठवला. हजाराच्या वर जवान तिथून परतलेच नाहीत हो, आणि आपल्याकडं किती जणांना माहितीय? मला याचं फार वाईट वाटतं.

२५ नोव्हेंबरला, त्यांच्याच पलटणीच्या, १९८७ ला श्रीलंकेत शहीद झालेल्या परमवीर चक्र विजेत्या मेजर परमेश्वरन साहेबांच्या पुण्यतिथीला, सगळे आमच्या घरी जमले. बाबा रात्री दोनपर्यंत बोलत होते, एवढं बोलताना मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही जिथं असाल तिथं, खरंच खूप खूप आभार, आमच्या घरी जेवायला याच.